विश्लेषण : मोटारीच्या पत्र्यापासून मोबाइलवरील अक्षरापर्यंत... पिएर बेझिए यांनी नेमके काय बदलले?

संगणकावर एखाद्या पुलाचे ड्रॉइंग तयार होते. काँक्रीटची प्रत, सळयांचे अंतर, कव्हर किती ठेवायचे अशा सूचना वेगळ्या टेक्स्ट फाइलमधून त्यात आणल्या जातात. ड्रॉइंग ठेकेदाराकडे जाते आणि त्याच्या संगणकावर सूचनांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते, किंवा अक्षरे चौकटीबाहेर सांडलेली असतात. रेषा मात्र जागच्या जागी असतात. असे का होते, हे समजून घेताना वाट फ्रान्समधील एका मोटार कारखान्यात जाऊन पोहोचते. तिथे ४२ वर्षे नोकरी केलेल्या पिएर बेझिए या अभियंत्याने आकार कागदावरून कागदावर गिरवण्याऐवजी आकड्यांच्या रूपात पाठवण्याची रीत रुजवली. मोबाइलच्या पडद्यावर आत्ता दिसणारी ही अक्षरेही त्याच रीतीने काढली जातात.

पिएर बेझिए कोण होते?

बेझिए यांचा जन्म १ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील आणि आजोबा दोघेही अभियंते होते. त्यांनीही तीच वाट धरली. १९३० मध्ये ‘आर ए मेतिए’ या फ्रान्समधील नामांकित संस्थेतून त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘सुपेलेक’ या संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीचीही. १९३३ मध्ये ते रेनॉ या मोटार कंपनीत रुजू झाले आणि १९७५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

आज त्यांचे नाव गणिताच्या आणि संगणकशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. पण नोकरीची सुरुवात यंत्रावर हत्यारे बसवून ती नेमकी जुळवण्याच्या कामाने झाली. तिथून ते हत्यारांच्या आरेखन विभागात गेले आणि १९४५ मध्ये त्या विभागाचे प्रमुख झाले. कागदावरची रेषा आणि प्रत्यक्ष कापला गेलेला धातू यांत किती फरक पडतो, हे त्यांनी हाताने काम करताना पाहिले होते. पुढच्या सगळ्या कामाचे मूळ त्या अनुभवात आहे.

युद्धाचा आणि ‘४सीव्ही’ मोटारीचा यात काय संबंध?

दुसऱ्या महायुद्धात बेझिए जर्मनांच्या हाती सापडले आणि युद्धकैदी झाले. अमेरिकेतील मोटार कंपन्यांनी सुरू केलेल्या स्वयंचलित यंत्रकामाचा विचार त्यांनी त्या काळातही सोडला नाही. इकडे पॅरिसजवळच्या बियांकूर येथील रेनॉच्या कारखान्यावर ३ मार्च १९४२ रोजी ब्रिटिश विमानांनी बॉम्बहल्ला केला. युद्ध संपत आले असताना, जानेवारी १९४५ मध्ये फ्रेंच सरकारने कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. कंपनीला आता सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार मोठ्या संख्येने काढायची होती. ती मोटार म्हणजे ‘४सीव्ही’. १९४६ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. दहा लाखांहून अधिक संख्येने विकली गेलेली ती पहिली फ्रेंच मोटार ठरली.

एवढी संख्या गाठायची तर इंजिनाचा प्रत्येक ठोकळा कामगाराने एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवणे शक्य नव्हते. १९४८ मध्ये बेझिए उत्पादन अभियांत्रिकीचे संचालक झाले. ‘४सीव्ही’चे बहुतेक यांत्रिक भाग घडवणाऱ्या यंत्ररांगांची रचना त्यांच्याकडे होती. ओतीव ठोकळा या रांगेच्या एका टोकाला शिरतो, आपोआप पुढे सरकतो, प्रत्येक थांब्यावर त्याला कुठे भोक पाडले जाते, कुठे आटे पाडले जातात, कुठे पृष्ठभाग सपाट होतो आणि तो दुसऱ्या टोकाने तयार होऊन बाहेर पडतो.

अशा रांगेत अंदाजाला जागा नसते. कुशल कामगार ड्रॉइंगमधली चूक पाहून स्वतःच्या समजुतीने ती सावरून घेतो, यंत्र तसे करत नाही. त्याला दिलेली माहिती अचूक आणि एकच असावी लागते. इंजिनाच्या बाबतीत हे जमत होते, कारण तिथले आकार बहुतांशी सरळ रेषा आणि वर्तुळे यांचे असतात. वर्तुळ सांगायला केंद्र आणि त्रिज्या पुरते. अडचण होती ती मोटारीच्या बाहेरच्या अंगाची.

मोटारीचा आकार तेव्हा कसा ठरत असे?

मडगार्डची फुगीर कड किंवा टपाचा उतार सांगायला केंद्र नाही, त्रिज्याही नाही. रचनाकार आधी छोटी चित्रे आणि छोटी प्रतिकृती करत. त्यावरून मोटारीच्या खऱ्या मापाचे भले मोठे ड्रॉइंग काढले जाई. त्यासाठी लवचीक पट्ट्या आणि वक्र साचे वापरत. ड्रॉइंगमधल्या छेदांवरून पूर्ण मापाची माती किंवा प्लास्टरची मोटार तयार होई. ती पाहून वरिष्ठ, विक्री विभाग आणि रचनाकार बदल सुचवत. बदललेल्या प्रतिकृतीवरून पुन्हा मापे घेऊन नवी ड्रॉइंग निघत. शेवटी लाकडाची एक प्रमाण प्रतिकृती घडवली जाई. पत्रा दाबणाऱ्या डाय तिच्यावरून नकलून कापल्या जात आणि मग कारागीर त्या हाताने घासून नीट करत.

म्हणजे एकच आकार चित्रातून ड्रॉइंगमध्ये, ड्रॉइंगमधून मातीत, मातीतून पुन्हा कागदावर, कागदावरून लाकडात आणि लाकडातून पोलादात असा फिरे. प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी तो नव्याने उतरवून घेई आणि दरवेळी थोडा बदले. दोन ड्रॉइंगमध्ये न सांगितलेली जागा कारागीर डोळ्याने जुळवे. दोन कारागिरांचे डोळे सारखे नसतात. परिणामी दाराचा पत्रा आणि खांबाचा पत्रा एकमेकांशी जुळेनासे झाले की ड्रॉइंग खरे, प्रतिकृती खरी की डाय खरी, असा वाद विभागांमध्ये पेटे. महिने वाया जात. चूक नेमकी कुठे शिरली, हे मात्र सापडत नसे.

वयाच्या पन्नाशीत त्यांना काय सुचले?

१९५७ मध्ये बेझिए रेनॉच्या यंत्रहत्यार विभागाचे संचालक झाले. आकड्यांच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे तोवर आली होती. अमेरिकेतील ‘एमआयटी’ने १९५२ मध्येच असे कटाई यंत्र चालवून दाखवले होते. बेझिए यांच्या विभागानेही भोके पाडणारे आणि कापणारे असे यंत्र तयार केले. मग यंत्र जर आकडे समजते, तर मोटारीचा वळणदार आकारच आकड्यांत का सांगू नये, या प्रश्नावर त्यांनी १९६० पासून काम सुरू केले. तेव्हा ते पन्नाशीत होते.

अट कठीण होती. हे आकडे गणितज्ञासाठी नव्हते. चित्र काढणाऱ्या माणसाला बीजगणित न शिकता आकार बदलता आला पाहिजे, हा बेझिए यांचा आग्रह होता. त्यांची पहिली कल्पना अशी होती की एका घनाच्या आत एक वक्ररेषा आहे असे समजावे. घन दाबला, ताणला, तिरका केला की आतली रेषाही त्याबरोबर वळते. रेषेला हात न लावता भोवतीची चौकट हलवायची. यातूनच पुढे ‘बेझिए वक्र’ म्हणून प्रसिद्ध झालेली रीत तयार झाली.

बेझिए वक्र म्हणजे काय?

सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकारात चार बिंदू लागतात. पहिल्या बिंदूपासून रेषा निघते आणि चौथ्यावर संपते. मधले दोन बिंदू सहसा रेषेवर नसतात. ते तिला आपल्याकडे ओढतात. निघताना रेषा दुसऱ्या बिंदूच्या दिशेने निघते आणि संपताना तिसऱ्याकडून आल्यासारखी येते. मधला बिंदू सरकवला की सगळे वळण गुळगुळीतपणे बदलते.

चौकटीच्या कागदावर हे करून पाहता येते. पहिला बिंदू (०, ०), दुसरा (०, ८), तिसरा (८, ८) आणि चौथा (८, ०) असा घ्यावा. लागोपाठच्या बिंदूंना जोडणाऱ्या तीन रेषांचे मध्य काढले की (०, ४), (४, ८) आणि (८, ४) मिळतात. या तिघांना जोडणाऱ्या दोन रेषांचे मध्य (२, ६) आणि (६, ६). या दोघांचा मध्य (४, ६). वक्ररेषा नेमकी या बिंदूतून जाते. मध्याऐवजी प्रत्येक रेषेचा एक चतुर्थांश, एक अष्टमांश अशी जागा घेतली की रेषेवरचे बाकीचे बिंदूही मिळत जातात.

महत्त्वाचे हे की कमानीचा पूर्ण आकार फक्त आठ आकड्यांत मावतो. हे आठ आकडे पॅरिसहून कुठेही पाठवले आणि नियम तोच लावला, तर रेषा तीच मिळणार. एक मीटर लांबीची काढा किंवा एक मिलिमीटरची, ती झिजत नाही, फुगत नाही आणि कुणाच्या डोळ्यावर अवलंबून राहत नाही.

कंपनीने ही कल्पना लगेच उचलून धरली का?

नाही. बेझिए आकाररचना विभागाचे नव्हते. यंत्रे बनवणाऱ्या विभागातला माणूस मोटारीच्या सौंदर्यात हात घालतो आहे, अशी भावना होती. लाकडी प्रतिकृती घडवणाऱ्यांचे आणि वर्षानुवर्षे वक्र रेषा काढणाऱ्या आरेखकांचे कसबच यात पणाला लागले होते. शिवाय ही रीत खरोखर इतकी चांगली असती तर अमेरिकनांनी ती आधीच शोधली असती, असा युक्तिवादही त्यांना ऐकावा लागला.

बेझिए यांच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे यंत्र. संगणकात आकडे भरायचे, खऱ्या मापाची रेषा कागदावर काढून घ्यायची, पटली नाही तर आकडे बदलून पुन्हा काढायची आणि पटली की त्याच आकड्यांवरून मऊ साहित्यात आकार कोरून घ्यायचा. कागदावरचे आणि कोरलेले यांत फरक पडण्याचे कारणच उरत नव्हते. या पद्धतीला त्यांनी ‘युनिसर्फ’ असे नाव दिले. ती १९६८ मध्ये सुरू झाली आणि १९७५ मध्ये पूर्ण वापरात आली. त्याच वर्षी बेझिए निवृत्त झाले. कल्पना सुचण्यापासून ती कारखान्याच्या अंगवळणी पडेपर्यंत १५ वर्षे गेली.

श्रेय त्यांच्या एकट्याचे आहे का?

नाही, आणि या कथेतला हा भाग अनेकदा गाळला जातो. सित्रोएन या प्रतिस्पर्धी फ्रेंच कंपनीत पॉल द कास्तलज्यो हे तरुण गणितज्ञ होते. त्यांनी १९५९ मध्येच हेच वक्र दुसऱ्या वाटेने शोधले होते. वर दिलेली मध्य काढत जाण्याची कृती त्यांचीच आहे आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण सित्रोएनने हे काम व्यवसायाचे गुपित म्हणून बंद ठेवले. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांचे अंतर्गत अहवाल बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती आले, तोवर वक्रांना बेझिए यांचे नाव चिकटून गेले होते. द कास्तलज्यो यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

या दोघांच्याही मुळाशी असलेले गणित त्याहून जुने होते. रशियन साम्राज्यातील सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या बहुपदींशी बेझिए यांच्या रीतीचा थेट संबंध आहे, हे ब्रिटिश संशोधक रॉबिन फॉरेस्ट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले.

बेझिए यांचे वेगळेपण ती रीत खुली करण्यात होते. त्यांनी लेख लिहिले, १९७० मध्ये आकडेनियंत्रित यंत्रांवर फ्रेंचमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९७२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. त्यामुळे दुसऱ्या देशांतले, दुसऱ्या धंद्यांतले लोक ही रीत वापरू लागले. गुपित राहिली असती तर ती एका कंपनीच्या मोटारींपुरती उरली असती.

मोटारीतून ती अक्षरात कशी गेली?

संगणकाने अक्षर काढायचे कसे, हा प्रश्न त्याच काळात वेगळीकडे सोडवला जात होता. अमेरिकी नौदलाच्या डालग्रेन येथील प्रयोगशाळेत ॲलन हर्शी यांनी १९६७ मध्ये अनेक लिपींची अक्षरे छोट्या सरळ रेषांच्या तुकड्यांनी बांधली. रेषा काढणाऱ्या यंत्राचे पेन एका फटक्यात अशी अक्षरे लिहू शकत असे. जवळून पाहिले की मात्र वळणांवर कोपरे दिसत.

छपाईला लागणारी अक्षरे वेगळी. त्यांना जाडी असते, कड असते आणि ती कड कितीही मोठी केली तरी गुळगुळीत राहावी लागते. हे काम बेझिए वक्रांनी केले. ॲडोबी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या छपाईच्या भाषेत चार बिंदूंचे वक्र वापरले गेले. ॲपलने १९९१ मध्ये आणलेल्या ‘ट्रूटाइप’ फॉन्टमध्ये त्याच कुळातले तीन बिंदूंचे, अधिक सोपे वक्र आहेत. मोबाइलवरील ‘क’ची गाठ किंवा ‘ळ’ची दोन वर्तुळे म्हणजे फॉन्टच्या फाइलमध्ये ठेवलेल्या बिंदूंची यादी असते. मडगार्डसाठी सुचलेली रीत अशी अक्षराच्या पोटात जाऊन बसली.

मग ड्रॉइंगमध्ये आणलेला मजकूर बिघडतो का?

संगणकीय ड्रॉइंगमधली रेषा तिचे सगळे आकडे सोबत घेऊन फिरते. मजकुराचे तसे नसते. तो दोन वेगळ्या जागांहून येऊन ड्रॉइंगमध्ये एकत्र होतो. काय लिहायचे ते टेक्स्ट फाइलमधून येते आणि ते कसे दिसायचे ते फॉन्टच्या फाइलमधून. ऑटोकॅडसारख्या प्रणालीत अनेक ओळींच्या मजकुराच्या चौकटीत साधी टेक्स्ट किंवा आरटीएफ फाइल थेट घेता येते. त्याला ३२ केबीची मर्यादा आहे. पण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये अक्षरांचे आकार नसतात, फक्त क्रमांक असतात. युनिकोडमध्ये इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आहे, तर मराठी ‘क’चा २३२५. त्या क्रमांकाचा आकार फॉन्टमध्ये शोधला जातो.

इथे तीन प्रकारे गडबड होते.

पहिला प्रकार फॉन्टचा. ऑटोकॅडचे जुने ‘एसएचएक्स’ फॉन्ट हर्शी यांच्या अक्षरांसारखेच एकेरी रेषांचे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत देवनागरी नाही. २३२५ क्रमांकाचा आकार सापडला नाही की प्रश्नचिन्ह उमटते. ट्रूटाइप फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल, तर त्याच्या जागी दुसरा घेतला जातो. त्याची अक्षरे रुंद असली की ओळी तुटतात आणि मजकूर चौकटीबाहेर जातो.

दुसरा प्रकार क्रमांकांचा. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या सूचना दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडल्या की इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ दिसते. महाराष्ट्रात जुनी कागदपत्रे हाताळणाऱ्या कुणालाही ती ओळखीची आहे. टेक्स्ट फाइल कोणत्या संकेतप्रणालीत जतन केली आणि कोणत्या प्रणालीत वाचली, यात फरक पडला तरी असाच गोंधळ होतो.

तिसरा प्रकार सर्वात धोक्याचा, कारण तो दिसत नाही. टेक्स्ट फाइल ड्रॉइंगमध्ये घेतली की तिची नक्कल आत येते. मूळ फाइलशी नाते तिथेच तुटते. मूळ फाइलमध्ये सळयांचे अंतर १५० मिलिमीटरवरून १२५ केले, तरी ड्रॉइंगमध्ये १५०च राहते. अक्षरे सुबक दिसतात, प्रश्नचिन्ह कुठेच नाही आणि बांधकाम जुन्या आकड्यावर होते. लाकडी प्रतिकृती खरी की ड्रॉइंग खरे, हा रेनॉच्या कारखान्यातला वाद इथे नव्या रूपात उभा राहतो.

यावर उपाय काय?

उपायही बेझिए यांच्या विचाराच्या जवळचेच आहेत. माहिती एकाच जागी ठेवायची आणि ती वाचण्याचा नियमही सोबत पाठवायचा. वारंवार बदलणारे आकडे असतील तर ते नुसते घेण्याऐवजी एक्सेलच्या तक्त्याशी जोडणी करता येते. मूळ तक्ता बदलल्यावर जोडणी ताजी केली की ड्रॉइंगमधला तक्ताही बदलतो. तक्त्याची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तर ही जोडणी तुटू शकते, हे लक्षात ठेवावे लागते. ड्रॉइंग पाठवताना फॉन्ट आणि जोडलेल्या फाइल्स एकत्र बांधून देणारी ‘ई-ट्रान्समिट’ ही सोय ऑटोकॅडमध्ये आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, हा त्यातला सर्वात स्वस्त उपाय.

मजकूर फोडून त्याच्या रेषा करून टाकण्याची वाटही काही जण घेतात. दिसायला ते सुरक्षित असते, कारण मग फॉन्ट लागतच नाही. पण त्यानंतर तो मजकूर राहत नाही, चित्र होते. त्यात शब्द शोधता येत नाही, आकडा दुरुस्त करता येत नाही. पूर्वी लवचीक पट्टीने काढलेल्या रेषेसारखी ती एक मूक नक्कल होऊन बसते.

बेझिए यांची शेवटची वर्षे कशी गेली?

‘युनिसर्फ’ सुरू झाली त्याच वर्षी, १९६८ मध्ये, बेझिए पॅरिसमधील ‘कॉन्झर्व्हातुआर नास्योनाल’ या तंत्रशिक्षण संस्थेत उत्पादन अभियांत्रिकी शिकवू लागले. कारखाना सुटल्यानंतरही, १९७९ पर्यंत ते तिथे प्राध्यापक होते. १९७७ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षाच्या आसपास, त्यांनी पॅरिस विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली. आयुष्यभर स्वतःला यंत्रांचा माणूस मानणाऱ्याला ज्या गणिताने नाव दिले, त्यात पदवी घ्यायला त्यांनी उतारवय आड येऊ दिले नाही.

१९८५ मध्ये संगणकीय चित्रण क्षेत्रातील मानाचा ‘स्टीव्हन कून्स’ पुरस्कार त्यांना मिळाला. २५ नोव्हेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. २००७ पासून घनाकृतींच्या संगणकीय आरेखनातील कामासाठी त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

त्यांचे नाव माहीत नसलेलेही त्यांची रीत रोज वापरतात. चित्र काढण्याच्या कोणत्याही प्रणालीत वक्ररेषा निवडली की तिच्या टोकांशी दोन छोट्या दांड्या दिसतात. त्यांची टोके म्हणजे बेझिए यांचे मधले दोन बिंदू. दांडी ओढली की रेषा वळते आणि फाइलमध्ये बदलतात ते फक्त काही आकडे. ते आकडे जसेच्या तसे पोहोचले की नाही, एवढे पाहणे पाठवणाऱ्याच्या हातात उरते.